दिव्यांची तक्रार

काटासाहेब स्वतःहून गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहिले, तेव्हा जावयाला आधी वाटलं की घरी कुणाचं तरी बरंवाईट झालं.

"काय झालं बाबा? आई बऱ्या आहेत ना?"

"तिला काय धाड भरलीय," काटासाहेब म्हणाले. "गाडीचे दिवे मंद झालेत. बघून घ्या."

जावई हातातला पाना खाली ठेवायचाच विसरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेकरू शाळेत जायला लागलं, पण सासऱ्यांनी गाडीचा साधा फ्यूजसुद्धा कधी त्याच्याकडून बदलून घेतला नव्हता. वैर होतं असं नाही. जाणंयेणं होतं, जेवणखाण होतं, "कसं काय, बरं ना" होतं. फक्त जावई गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो हा विषय काटासाहेब अशा शिताफीने टाळायचे, की जणू जावयाला एखादं दुखणं आहे आणि चारचौघांत त्याचा उल्लेख करायचा नसतो.

काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीत असताना ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानात शिरायचे, तराजूच्या काट्याकडे एक नजर टाकायचे आणि दुकानदाराच्या कपाळावर घाम यायचा. हे नाव त्या दुकानदारांनीच ठेवलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यांना चिकटून राहिलं. बायको त्यांना 'अहो' म्हणायची, लेक आणि जावई 'बाबा' म्हणायचे, बाकी सगळ्यांना ते काटासाहेब.

गाडी त्यांच्यासारखीच, जुनी आणि ताठ. चौकोनी तोंड, गोल दिवे, आतल्या गाद्यांवर अजून घडी न मोडलेली कव्हरं. जावयाने शटर अर्धं ओढून घेतलं, आत काळोख केला आणि दिवे लावून पाहिले. समोरच्या भिंतीवर पिवळट, आजारी उजेड पडला. तक्रार खरी होती.

"बॅटरी नवी आहे," काटासाहेब म्हणाले. "बल्बही बदलून झाले."

"बल्बचा दोष नसणार बाबा. मधे कुठेतरी वीज गळतेय."

त्याने मीटर लावून बॅटरी मोजली. भरलेली होती. मग दिव्याच्या मागे, बल्बच्या होल्डरपाशी मोजलं. निघाली होती त्यापेक्षा चांगलीच कमी वीज तिथे पोचत होती. जुन्या गाडीत हे व्हायचंच. दिव्यांची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या एवढ्याशा बटणातून फिरून येते, बटणाच्या आतला पत्रा झिजतो, वायर जिथे गाडीच्या अंगाला जोडलेली असते तिथे गंज चढतो, आणि थोडी इथे, थोडी तिथे असं करत वीज वाटेतच संपते. जावई हे सगळं समजावून सांगत होता आणि काटासाहेब मीटरकडे बघत होते. आकड्यांशी त्यांचं जमायचं.

त्या दिवशी जावयाने दुसरं काम हातात घेतलं नाही. गंजलेले जोड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नवी जाड वायर टाकली, मधे रिले बसवला, म्हणजे बटणाने फक्त हुकूम सोडायचा आणि ओझं रिलेने वाहायचं. फ्यूज लावला. सगळ्या वायरी एकत्र बांधून अशा बेताने नेल्या की बाहेरून काही केलंय असं दिसूही नये. मग पुन्हा शटर ओढून दिवे लावले. भिंतीवर पांढरा, लख्ख उजेड पडला. त्यात भिंतीवरच्या खिळ्यांच्या सावल्या मोजता आल्या असत्या.

काटासाहेब बराच वेळ बघत राहिले.

"फरक आहे," ते म्हणाले. "थोडा."

घरी आल्यावर जावयाने बायकोला हे सांगितलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. पोरांच्या नकाशांवर लाल पेन्सिल चालवत बसली होती.

"बाबा तुझ्याकडे आले? स्वतःहून?"

"हो. पण 'थोडा' म्हणाले गं. थोडा!"

"त्यांनी थोडा म्हटलं म्हणजे बक्षीस दिलं असं समज. मी वर्गात पहिली आले तेव्हा म्हणाले होते, बरं आहे."

पण आठवडा उलटायच्या आत काटासाहेब पुन्हा दारात हजर. दिवे मंद आहेत. जावयाने परत सगळं मोजलं. बॅटरीतून निघाली तेवढी वीज दिव्यापर्यंत पोचत होती, केसाइतका फरक. त्याने काचा काढून आतून पुसल्या. दिव्यांची नजर खाली लागलीय की काय म्हणून ती वर-खाली करून पाहिली. बल्ब काढून दुसऱ्या कंपनीचे घातले. काटासाहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, "तितकं काही नाही."

"बाबा, आता याहून जास्त होणार नाही. मीटर बघा ना."

"मीटर कधी तपासून घेतलंय तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी काटासाहेबांनी आपल्या जुन्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी मीटर मागून आणलं, त्याला शिक्कासुद्धा होता. दोन्ही मीटर शेजारी ठेवून मोजलं. आकडा तोच आला. काटासाहेबांनी शिक्क्याचं मीटर पुन्हा फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "इथे गॅरेजात बरोबरच दाखवणार. रस्त्यावर या, मग कळेल."

"येतो की," जावई म्हणाला. त्यालाही आता चीड आली होती. गळती अशीही असते की गाडी उभी असताना दडून बसते आणि खड्ड्यातून गेली की डोकं वर काढते. एखादी सैल वायर असेल. चालत्या गाडीत बसूनच ती सापडेल असं त्याने ठरवलं.

काटासाहेब आणि सासूबाई आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला काटासाहेबांच्या थोरल्या भावाकडे जायचे. थोरल्यांना दिसत नव्हतं. काटासाहेब जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. हल्ली वाचनाचं काम सासूबाईंकडे आलं होतं, कारण काटासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे छपाईचा दर्जा पार घसरला होता.

त्या संध्याकाळी जावई मीटर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला. मीटरच्या वायरी त्याने पुढच्या दिव्यांपर्यंत नेल्या होत्या. सूर्य मावळला होता, पण आभाळात अजून उजेड होता. सासूबाई नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि गाडी सुरू झाल्याबरोबर त्यांचं तोंडही सुरू झालं.

"हा सायकलवाला बघा कसा चाललाय, आपल्याच बाजूने, वर काळा शर्ट. पाठीमागे एक लाल दिवा लावायला काय होतं यांना? अगंबाई, परत उकरलं का हे! मधोमध ढिगारा टाकून गेलेत. डावीकडून जागा आहे म्हणा... शिंप्याचं दुकान आज लवकर बंद केलेलं दिसतंय. त्याच्यापुढे वळलं की बरं, त्या अंगाला गर्दी नसते. अहो, तो समोरून येतोय ना, मोटारसायकल वाटते, पण ट्रक आहे तो. एकच दिवा लागलाय मेल्याचा."

जावई मनातल्या मनात सासऱ्यांची कीव करत होता. एका जागी बसून एवढं ऐकून घ्यायचं म्हणजे कमाल. मीटरचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता. खड्डा आला, वळण आलं, ब्रेक लागला, तरी वीज पुरेपूर.

मग सासूबाईंना शिंक आली. रुमाल सापडेना म्हणून त्या खाली वाकून पिशवीत शोधायला लागल्या आणि गप्प झाल्या. गाडी एकदम रांगायला लागली. जावयाने मान वर केली. पुढे एक हातगाडीवाला चालला होता. दिव्यांचा झोत त्याच्यावर सरळ पडला होता, इतका की हातगाडीच्या मागच्या फळीवर रंगवलेली अक्षरं जावयाला मागच्या सीटवरून वाचता येत होती. गाडी हळू होती, पण सरळ त्या फळीवरच निघाली होती.

"बाबा, हातगाडी!"

काटासाहेबांनी करकचून ब्रेक दाबला.

"दिसली मला," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बघितलंत ना? दिव्यांचा काही उपयोगच नाही."

पुढच्या सगळ्या रस्त्याला जावयाने मीटरकडे बघितलंच नाही. तो सासूबाईंचं बोलणं ऐकत राहिला. त्या सायकल म्हणाल्या की स्टिअरिंग उजवीकडे सरकायचं. ढिगारा म्हणाल्या की गाडी डावीकडे यायची. दुकानाचं नाव निघालं की वळायचा दिवा टिकटिक करायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी काटासाहेब बाजारात गेल्याचं बघून लेक आणि जावई दोघं जाऊन सासूबाईंसमोर बसले. स्वयंपाकघरात त्या डबे पुसत होत्या.

"आई, बाबांना रस्ता तू दाखवतेस का गं?" लेकीने विचारलं.

"मी? मला कुठे गाडी चालवता येते? मी आपली बोलत असते. सवय."

"पहिल्यापासून?"

"हो मग. पहिल्यापासून वैतागतात. 'जरा गप्प बसशील का' म्हणायचे." सासूबाईंनी डबा पुसला, झाकण लावलं. हात थांबला. "हल्ली म्हणत नाहीत. हल्ली मी गप्प बसले तर विचारतात, झोपलीस का?"

त्या हळूच स्टुलावर बसल्या. डबा मांडीवरच राहिला.

"डोळ्यांचं नाव काढायची सोय नाही," त्या म्हणाल्या. "मागे एकदा मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तरी बघून या. चष्मा टेबलावर आपटला. थोरल्या भाऊजींचं ऑपरेशन झालं आणि दृष्टी गेली ना, तेव्हापासून डोळ्यांच्या डॉक्टरच्या पाटीखालून जायलासुद्धा तयार नसतात."

"मी बोलते बाबांशी," लेक म्हणाली. पण ती गेली, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि परत आली. "नाही जमलं," तिने नवऱ्याला सांगितलं. "ते मला गाडीबद्दल सांगत बसले. तुझ्या कामात काय काय चुकलंय ते."

त्यामुळे ते जावयालाच करावं लागलं. पुढच्या वेळी काटासाहेब गॅरेजात आले, तेव्हा त्याने त्यांना खुर्ची दिली, स्वतः टूलबॉक्सवर बसला आणि म्हणाला, "बाबा, गाडीचे दिवे ठीक आहेत. वायरिंगमधे आता काही शोधायचं राहिलेलं नाही. तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या."

काटासाहेबांचा चेहरा दगडासारखा झाला.

"काम जमत नसेल तर तसं सांगावं माणसाने."

"काम जमलंय, म्हणूनच सांगतोय."

"येतो मी, जावईबापू," काटासाहेब म्हणाले, आणि गाडी घेऊन गेले. गॅरेजच्या दारातल्या खांबाला आरसा घासायला वीतभर अंतर राहिलं होतं. जावई डोळे मिटून उभा होता.

दोन्ही घरांतलं बोलणं मग हवापाण्यावर आलं. काटासाहेबांनी हमरस्त्यावरचं एक झगमगीत दुकान गाठलं, जिथे गाड्यांना रंगीबेरंगी दिवे आणि वाजणारे हॉर्न बसवून मिळायचे. तिथल्या माणसाने मीटर वगैरे काढलं नाही. त्याने सरळ दुप्पट ताकदीचे बल्ब घातले. दिवे लावल्याबरोबर फ्यूज उडाला. त्याने दुसरा घातला, तोही उडाला. मग त्याने फ्यूजच काढून टाकला आणि त्या जागी जाड तारेचा तुकडा ठोकून बसवला. दिवे असे लागले की समोरच्या दुकानातली माणसं हात आडवे धरून शिव्या द्यायला लागली. काटासाहेब म्हणाले, "हे ठीक आहे."

दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या वेळी, थोरल्यांकडे जाताना, सासूबाईंना वास आला.

"अहो, काहीतरी जळतंय."

"कुणीतरी कचरा पेटवला असेल. काच वर कर."

त्यांनी काच वर केली. वास तसाच राहिला. हा रस्ता झाडांचा होता, दुकानं नव्हती, आणि अंधार पडायला लागला होता. समोरून आलेल्या गाडीने दिव्यांची उघडझाप केली. मागून दुसरी आली, तिनेही तेच केलं.

"डोळ्यांवर मारतात लेकाचे," काटासाहेब म्हणाले. "शिस्त म्हणून नाही."

सासूबाई रस्ता सांगायला गेल्या आणि त्यांना सांगण्यासारखं काही दिसेना. त्यांनी डोळे चोळले, काचेवर हात फिरवला. समोर डांबर नव्हतं, कडेची झाडं नव्हती, काहीच नव्हतं.

"अहो, आपले दिवे लागलेत ना?"

"लागलेत की. हा काय आत उजेड आहे."

आत उजेड होता खरा. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, सगळं हिरवं हिरवं दिसत होतं.

"बाहेर नाहीये," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "अहो, बाहेर काळोख आहे सगळा. थांबवा. तुम्हाला माझी शपथ आहे, जागच्या जागी थांबवा गाडी."

काटासाहेबांनी गाडी थांबवली. ते उतरले, बॉनेट चाचपत पुढे गेले आणि उजव्या दिव्यासमोर तळहात धरला. तळहातावर उजेड पडला नाही. त्यांनी डाव्या दिव्यासमोर धरला. मग दोन्ही दिव्यांच्या मधे नुसते उभे राहिले. सासूबाईंनी उतरून त्यांना दंडाला धरून कडेला आणलं आणि पिशवीतून फोन काढून जावयाला लावला.

जावई मोटारसायकलवरून पोचला तेव्हा दोघं कडेच्या दगडावर बसलेले होते. सासूबाई बोलत होत्या, काय काय घडलं ते पहिल्यापासून. जावयाने बॉनेट उघडलं आणि टॉर्चच्या उजेडात पाहिलं. रिलेच्या खालचा प्लास्टिकचा होल्डर मेणासारखा वितळून खाली ओघळला होता, वायरींची कातडी जळून आतलं तांबं उघडं पडलं होतं. फ्यूजच्या जागची तार मात्र शाबूत होती. त्याने बॅटरीची वायर आधी सोडवली, जळका भाग छाटला, आपल्या पिशवीतला साधा बल्ब एका दिव्यात घातला, योग्य तो फ्यूज लावला आणि तेवढ्यापुरती वीज दिली. एक दिवा लागला.

"थोरल्या काकांकडे पोचण्यापुरतं होईल," तो म्हणाला. "उद्या नीट करू."

काटासाहेब उठून त्याच्याजवळ आले.

"किती वेळ बंद होते?" त्यांनी विचारलं.

"आता कसं सांगणार बाबा?"

"मला माहीत नाही," काटासाहेब म्हणाले. "मला कळलंच नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढून जावयाच्या हातावर ठेवली. "चालवा तुम्ही."

थोरले भाऊ दाराशीच बसून होते. उशीर का झाला हे त्यांना सासूबाईंनी चपला काढता काढताच सांगून टाकलं, एकही गोष्ट न गाळता. काटासाहेब आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले.

"डोळे दाखव," थोरले म्हणाले.

"दादा, तू तरी असं म्हणू नकोस. तुझं काय झालं ते मी पाहिलंय."

"काय झालं माझं?"

"ऑपरेशन बिघडलं."

थोरले म्हणाले, "बिघडलं वगैरे काही नाही. माझ्या डोळ्यांत आतून दाब वाढत होता. ऑपरेशनच्या कितीतरी आधी डॉक्टरने थेंब लिहून दिले होते, रोज घालायचे. मी चार दिवस घातले, मग कंटाळा केला. दिसायचं तेव्हा बऱ्यापैकी, म्हटलं कशाला. ऑपरेशन केलं ते उरलंसुरलं वाचतंय का बघायला. नाही वाचलं. लोकांना सांगायला ऑपरेशन सोपं पडतं."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"तू आज विचारलंस."

काटासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. कितपत दिसत होतं कुणास ठाऊक. सासूबाईंनी वर्तमानपत्र उघडलं, पण त्या दिवशी कुणी वाचलं नाही. परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही, सासूबाईसुद्धा.

डॉक्टरकडे लेक घेऊन गेली. एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला सांगितली, तेव्हा काटासाहेबांनी तिथल्या मुलीला विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" मुलीला प्रश्नच कळला नाही. लेकीने त्यांचा दंड दाबला. तपासणीत निघालं ते असं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डावा तर पार पिकलेला. दाब ठीक होता. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मात्र थोडी झीज होती आणि ती ऑपरेशनने भरून येणारी नव्हती. डॉक्टरने हे सगळं शांतपणे सांगितलं आणि काटासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ऑपरेशनच्या सकाळी त्यांचे हात इतके गार पडले होते, की सासूबाईंनी ते आपल्या पदराखाली धरून ठेवले, आणि वेटिंग रूममधल्या चार लोकांसमोर त्यांनी ते धरू दिले.

डावा डोळा आधी झाला, उजवा नंतर. मधल्या दिवसांत काटासाहेबांना करण्यासारखं काही नव्हतं. वाचायचं नाही, वाकायचं नाही. ते काळा चष्मा लावून रोज गॅरेजात येऊन बसायला लागले. जावयाने गाडीची पुढची सगळी वायरिंग उतरवून काढली होती. जळक्या वायरींचा गुंता फळीवर पडलेला होता, त्यातून त्याने तो तारेचा तुकडा वेगळा केला.

"हे काय?" काटासाहेबांनी विचारलं.

"फ्यूजच्या जागी हे घातलं होतं. वीज प्रमाणाबाहेर गेली की फ्यूज जळतो आणि पुढचं सगळं वाचतं. तो सारखा उडतो म्हणून त्यांनी तो काढूनच टाकला."

काटासाहेबांनी तो तुकडा चष्म्याजवळ नेऊन पाहिला. "काट्याने खोट पकडली म्हणून काटाच फेकून द्यायचा! असल्या माणसाच्या दुकानाला मी सील ठोकलं असतं."

"होतं असं कधीकधी."

"होत नाही, मी करून घेतलं," काटासाहेब म्हणाले. "तुम्ही नीट केलेलं होतंत." आणि मग, हे बोलून झालं ते पुरे, अशा थाटात त्यांनी विचारलं, "ही वायर इथे का वळवली? सरळ का नाही नेली?"

"सरळ नेली तर इंजिनाची धग लागते."

"हं. मग बरोबर आहे."

गाडी तयार झाली, पण काटासाहेब डॉक्टरचा कागद मिळेपर्यंत स्टिअरिंगला शिवले नाहीत. कागद मिळाला तेव्हा त्यावर दिवसा चालवायला हरकत नाही असं होतं. रात्रीचं डॉक्टरने त्यांच्यावर सोडलं होतं. जेवायला सगळे बसले असताना त्यांनी जाहीर केलं की सूर्य मावळल्यावर ते गाडी चालवणार नाहीत, आणि यावर चर्चा नको. चर्चा कुणीच करत नव्हतं. थोरल्यांकडची फेरी सकाळी करायची ठरली.

पहिल्या फेरीला जावई बरोबर गेला. नवी वायरिंग चालत्या गाडीत एकदा बघायची, असं त्याने सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं. काटासाहेब सावकाश, पण नेटकी गाडी चालवत होते. एका ठिकाणी त्यांनी उगाचच दोन गाड्यांच्या मधल्या जागेतून गाडी काढली आणि आरशातून जावयाकडे पाहिलं.

थोरले उन्हात खुर्ची टाकून बसले होते. काटासाहेब समोर जाऊन उभे राहिले आणि बघतच राहिले.

"काय रे, बोलत का नाहीस?" थोरल्यांनी विचारलं.

"दादा, तुझी दाढी कोण करतं?"

"मीच. हाताने चाचपून करतो. का?"

"डाव्या जबड्याखाली सगळी तशीच राहिलीय. कानापाशी तर कधीची वाढलीय, पांढरी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मला दिसली नाही," काटासाहेब म्हणाले.

"मी बघायची हो भाऊजी," सासूबाई म्हणाल्या, "पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मग आता कशाला उभे आहात सगळे," थोरले म्हणाले. "आत कोनाड्यात वस्तरा आहे. गरम पाणी आणा."

सासूबाई पाणी तापवायला आत गेल्या. जावयाने दुसरी खुर्ची उन्हात ओढून आणली. काटासाहेबांनी बाह्या दुमडल्या, भावाच्या हनुवटीखाली टॉवेल खोचला आणि ब्रशने गालावर फेस चढवला. मग भावाचा चेहरा दोन बोटांनी उजेडाकडे वळवून त्यांनी वस्तरा उघडला.

"कान सांभाळ," थोरले म्हणाले.

"बोलू नकोस. हलतोस."